काळ्या दगडाचं बेट

आमच्या काटेवाडीत वर्षातून एक दिवस असा येतो की गावातल्या माणसांपेक्षा कॅमेरे जास्त दिसतात. तुकोबांची पालखी बारामतीहून सणसरकडे जाताना गावात थांबते, परीट मंडळी धोतरांच्या पायघड्या घालतात आणि मग पालखीभोवती मेंढ्यांचं रिंगण होतं. पुण्या-मुंबईचे मोठ्या लेन्सवाले लोक घरांच्या गच्च्यांवर सकाळपासून जागा धरून बसतात. फोटो काढायला मी तिथेच शिकलो, म्हणजे तिथेच पहिल्यांदा सपशेल नापास झालो. आमच्याकडच्या मेंढ्या बऱ्याचशा काळ्या, आणि कॅमेऱ्याला काळं कळत नाही. समोर काय आहे ते त्याला ठाऊक नसतं, सगळं जग सरासरी करड्या रंगाचं आहे असं तो गृहीत धरतो. त्यामुळे काळी मेंढी फोटोत राखाडी येते आणि शेजारचं पांढरं धोतर पार जळून जातं. यावर उपाय साधा आहे. काळ्या वस्तूला कॅमेरा सांगतो त्यापेक्षा कमी उजेड द्यायचा, पांढऱ्या वस्तूला जास्त. ही गोष्ट कळायला मला दोन आषाढ लागले.

हे पाल्हाळ लावायचं कारण म्हणजे गेल्या डिसेंबरात मी एका संपूर्ण काळ्या बेटावर जाऊन आलो. मॉरिशस. हो, तेच ते हनिमूनवालं. लग्नाला दीड वर्ष झालं होतं, पण रिलीज, रिलीजनंतरचा सपोर्ट आणि सपोर्टनंतरचं पुढचं रिलीज या चक्रात हनिमून लांबला होता. डिसेंबरअखेर क्लायंट सुट्टीवर गेला, मुंबईहून सहा-साडेसहा तासांचं विमान होतं, व्हिसाची कटकट नव्हती, आणि मुख्य म्हणजे तिथे तेव्हा ऐन उन्हाळा असतो. बायको म्हणाली, "समुद्रात डुंबायचं." मी म्हणालो, "फोटो काढायचे." दोघांचं जमलं.

आता तुम्ही म्हणाल काळं बेट कसलं, पोस्टरवर तर पांढरी वाळू आणि निळं पाणी असतं. ती वाळू म्हणजे प्रवाळाचा चुरा, बेटाच्या काठाला लावलेली झालर. बेट स्वतः काळ्या दगडाचं आहे. विमानतळावरून बाहेर पडल्यावर पहिल्या दहा मिनिटांत उसाचे फड लागले आणि फडांच्या मधोमध काळ्या धोंड्यांचे प्रचंड ढीग दिसले, काही काही तर चांगले पायऱ्या-पायऱ्यांनी रचलेले. मी बायकोला म्हणालो, "अगं, हे तर आपल्या सणसर रोडसारखं दिसतंय." तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं त्याचं वर्णन इथे करत नाही. सहा तास उडून आलेल्या माणसाने असं बोलू नये हे मला मान्य आहे.

पण ते साम्य नुसतं दिसण्यापुरतं नाही, आणि खरी गंमत इथून पुढे आहे. आमच्या मळ्यातली विहीर आजोबांनी खणली. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम आणि त्याच्याखाली सुरुंगाशिवाय न फुटणारा काळा पाषाण. हा पाषाण म्हणजे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी थरांवर थर ओतलेला लाव्हा. सह्याद्री, अजिंठा-वेरूळचे डोंगर, आमची विहीर, सगळं त्यातलंच. आजही या थरांनी साधारण पाच लाख चौरस किलोमीटर जमीन व्यापलेली आहे. एवढा लाव्हा आला कुठून? बहुतेक भूशास्त्रज्ञांचं मत असं की पृथ्वीच्या पोटात खोलवर एक तप्त जागा आहे, ती जवळजवळ एका ठिकाणी स्थिर राहते आणि तिच्यावरून जमिनीचे तुकडे सरकत जातात. तेव्हा आपला भारत तिच्यावर होता. मग भारत उत्तरेकडे सरकला, आणि चूल मात्र तिथेच पेटलेली राहिली. तिच्यावरून पुढे समुद्राचा तळ सरकत गेला आणि ठिपक्यांची रांगोळी काढावी तशी ज्वालामुखींची एक रांग उमटली. लक्षद्वीप, मालदीव, चागोस, मग मॉरिशस आणि शेवटी रियुनियन. रियुनियनवर तो ज्वालामुखी अजून धगधगतोय, जगातल्या सर्वांत जागत्या ज्वालामुखींत त्याची गणना होते. १९८७ साली एका संशोधन जहाजाने या रांगेत समुद्रतळाला छिद्रं पाडून दगड वर काढले. उत्तरेकडून दक्षिणेकडे जाताना दगडांचं वय क्रमाने कमी होत जातं हे त्यातून दिसलं. मॉरिशस समुद्रातून वर यायला लागलं ते नव्वदेक लाख वर्षांपूर्वी, म्हणजे आमच्या विहिरीतला दगड हा थोरला भाऊ आणि मॉरिशस बराच धाकटा.

बेटाचं क्षेत्रफळ दोन हजार चौरस किलोमीटरच्या थोडं आत. बारामती आणि इंदापूर तालुके एकत्र केले तर मॉरिशसपेक्षा मोठे भरतील. त्यामुळे चार दिवसांत बेट पालथं घालता येतं, फक्त उजेडाचं गणित सांभाळायला हवं. डिसेंबरात तिथे भरदुपारी सूर्य थेट डोक्यावर असतो आणि सावली पायाखाली गुडुप होते, आपल्याकडे मेच्या मध्यावर होतं तसं. त्या उजेडात काढलेला प्रत्येक फोटो टपालाच्या तिकिटासारखा सपाट येतो. पहाटे साडेपाच ते आठ आणि संध्याकाळी पाचनंतर काय ते फोटो, मधल्या वेळात बायकोचं ऐकून डुंबावं.

शामारेलची सात रंगांची माती सगळेच बघतात, मीही बघितली. लाल, तपकिरी, जांभळी, निळसर अशा छोट्या छोट्या टेकड्या आहेत, सभोवती कठडा आहे आणि कठड्याला टेकून दीडशे माणसं. हा प्रकार म्हणजे काळा दगडच, पाण्यापावसाने कुजलेला. विरघळणारं सगळं वाहून गेलं आणि लोखंड व ॲल्युमिनियमचे क्षार मागे उरले. लोखंडाने लाल छटा दिल्या, ॲल्युमिनियमने निळ्या-जांभळ्या. पाचगणीच्या टेबललँडवरचा जांभा असाच तयार झालाय, फक्त तिथे आपण घोडागाड्या फिरवतो. फोटोसाठी पाऊस पडून गेल्यावर सकाळी जावं, ओल्या मातीत रंग गडद होतात. आम्ही गेलो तेव्हा कडक ऊन होतं, त्यामुळे माझे सातही रंग साधारण विटकरी आले आहेत. जवळच शामारेलचा धबधबा आहे, काळ्या कड्यावरून सरळ खाली. तो मात्र कुठल्याही कॅमेऱ्यात चांगला येतो.

क्यूरपीपमधलं त्रू ओ सेर्फ हे विवर मला जास्त आवडलं. एका गावाच्या मधोमध ज्वालामुखीचं तोंड, आत झाडी आणि तळाशी डबकं, काठावर लोक सकाळी चालायला येतात. तळजाईवर येतात तसे, कानटोप्या मात्र नाहीत. ग्राँ बासाँ उर्फ गंगा तलाव हाही विवरातलाच तलाव. तिथे १९७२ साली गंगेचं पाणी आणून ओतलं आणि आता महाशिवरात्रीला लाखो लोक चालत येतात. शंकराची उंच मूर्ती २००७ सालची. मूर्तीचा फोटो काढायला लोक रस्त्यावर आडवे पडतात, मीही पडलो. दक्षिणेला सुइयाकजवळ ग्री-ग्री म्हणून कडा आहे. तिथे प्रवाळाची भिंत नसल्यामुळे समुद्र थेट काळ्या खडकावर आपटतो. पोस्टरवरचं मॉरिशस इथे संपतं. मेंढ्यांवर शिकलेलं गणित मला इथे उपयोगी पडलं. खडकासाठी उजेड कमी केला, फेसाकडे दुर्लक्ष केलं आणि चार दिवसांतला एक बरा फोटो मिळाला.

आणि ल मोर्न. नैऋत्य टोकावर समुद्रात घुसलेला ५५६ मीटर उंचीचा एकटा काळा डोंगर, सरळसोट कड्यांचा. सूर्य मावळताना पश्चिमेचा उजेड कड्यावर पडतो आणि दहा मिनिटं तो तांबूस होतो. या डोंगराला २००८ साली जागतिक वारसा स्थळाचा दर्जा मिळाला तो देखण्या दिसण्यासाठी नव्हे. ऊसमळ्यांतून पळालेले आफ्रिकी आणि मादागास्करचे गुलाम या कड्यांमध्ये लपून राहत. लोककथा अशी आहे की १ फेब्रुवारी १८३५ ला गुलामगिरी रद्द झाल्याची बातमी सांगायला शिपाई वर चढले, त्यांना पकडायलाच आलेत असं समजून वरच्यांनी कड्यावरून उड्या टाकल्या. ही कथा बेटावर सगळ्यांना माहीत आहे. आमच्या हॉटेलने तरीही त्या डोंगराकडे तोंड करून 'सनसेट सेल्फी पॉइंट' असा बोर्ड लावला होता.

गुलाम मोकळे होणार म्हटल्यावर मळेवाल्यांपुढे प्रश्न उभा राहिला की ऊस तोडणार कोण. १८२५ साली ब्रिटनने मॉरिशसच्या साखरेवरची जादा जकात काढून टाकली होती, तेव्हापासून ऊस भराभरा वाढत होता. म्हणून करारावर मजूर आणायचे ठरलं. नोव्हेंबर १८३४ मध्ये ॲटलस नावाच्या जहाजातून कलकत्त्याहून ३६ जण आले, छोटा नागपूरच्या डोंगरांतले आदिवासी. कागदोपत्री त्यांना 'धांगर' म्हटलंय. आमच्या रिंगणातले धनगर वेगळे, नावाच्या साम्यावर जाऊ नका. पुढच्या ऐंशी-नव्वद वर्षांत कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या बंदरांतून साडेचार लाखांहून जास्त माणसं या बेटावर उतरली. मुंबईहून जाणाऱ्यांत रत्नागिरी, सातारा अशा भागांतले मराठी लोक होते. पाच वर्षांचा करार, पुरुषाला महिना पाच रुपये आणि शिधा. आणि एक कलम असं होतं की एक दिवस कामावर आला नाहीस तर दोन दिवसांचा पगार कापणार.

हे लोक जिथे उतरत तो डेपो पोर्ट लुईच्या धक्क्यावर आहे. १८४९ साली बांधायला घेतलेला. आधी कुली घाट म्हणत, आता आप्रवासी घाट म्हणतात आणि २००६ पासून तेही जागतिक वारसा स्थळ आहे. काळ्या दगडाचं बांधकाम, आणि समुद्रातून वर येणाऱ्या सोळा पायऱ्या. एवढंच बघायचं असतं. फोटोच्या दृष्टीने जागा अगदी बेकार, एका बाजूने हायवे जातो आणि मागे ऑफिसच्या काचेच्या इमारती. मी तिथे पायऱ्यांचे तीन फोटो काढले, तिन्ही पुसून टाकले आणि आत संग्रहालयात गेलो. तिथे मात्र मला धक्का बसला, कारण तिथे माझ्याच छंदाचा इतिहास मांडून ठेवला होता.

झालं असं. करार संपलेल्या मजुरांना कायद्याच्या भाषेत 'जुने आप्रवासी' म्हणत. हे लोक नवा करार न करता भाजी पिकवायचे, फेरी लावायचे, मोकळे फिरायचे, आणि मळेवाल्यांना ते खपत नव्हतं. १८६७ साली एक कायदा आला. प्रत्येक जुन्या आप्रवाशाने जवळ एक पास बाळगायचा आणि त्या पासावर त्याचा फोटो हवा. पास नसेल, किंवा पासावरच्या जिल्ह्याबाहेर सापडला, तर भटक्या म्हणून अटक. लक्षात घ्या, साल १८६७ आहे. तेव्हा आपल्याकडे फोटो काढून घेणं ही राजेरजवाडे आणि साहेबलोकांची चैन होती. आणि या बेटावर अंगावर धड कापड नसलेल्या हजारो ऊसतोड्यांचे फोटो निघत होते, समोरून, छातीपर्यंत, शेजारी नंबर. त्या फोटोचे पैसेही त्यांनाच भरावे लागत. पास हरवला तर पुन्हा भरा, आणि दुसरा मिळेपर्यंत पोलिसांपासून लपा.

१८७१ मध्ये आदोल्फ द प्लेवित्झ नावाच्या एका मळेवाल्याच्या साथीने ९,४०१ जुन्या आप्रवाशांनी गव्हर्नरकडे अर्ज केला. त्यात या पासांचा आणि फोटोंचा जाच सविस्तर लिहिलाय. इतर मळेवाले द प्लेवित्झवर तुटून पडले, त्याला बेटाबाहेर हाकला म्हणून सह्या गोळा केल्या. शेवटी लंडनहून शाही आयोग आला आणि १८७५ साली त्याचा अहवाल निघाला. तक्रारींत तथ्य आहे असं आयोगाने मान्य केलं. ते फोटो मात्र राहिले. आता मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटच्या दप्तरखान्यात ते जपून ठेवलेले आहेत आणि लोक आपल्या खापरपणजोबांचा फोटो शोधायला तिथे येतात. ज्या फोटोने पणजोबाला बांधून ठेवलं, तोच आज घरातला सर्वांत मौल्यवान फोटो.

हे मला संग्रहालयात पाटी वाचून कळलं असतं तर मी दोन दिवसांत विसरलोही असतो. पण आमचा टॅक्सीवाला होता ना.

आम्ही मागच्या सीटवर नेहमीप्रमाणे भांडत होतो, विषय उन्हात किती वेळ उभं करतोस हा. तिसऱ्या दिवशी टॅक्सीवाल्याने आरशातून बघून विचारलं, "तुमी मराठी?" आम्ही गारच. तो आमच्याच वयाचा, मराठीचे वीस-पंचवीस शब्द येणारा, बाकी क्रिओल, फ्रेंच आणि सिनेमातली हिंदी. बेटावर मराठी वंशाचे लोक दोन टक्क्यांच्या आसपास आहेत. शाळेत मराठी शिकता येतं, गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते, कोकणातल्या जाखडीला तिथे झाकरी म्हणतात आणि ती अजून नाचतात. हे सगळं त्याने गाडी चालवता चालवता सांगितलं आणि म्हणाला, माझ्या बापाला भेटा, त्याला आवडेल. पश्चिमेकडे कास्कावेलला त्याचं घर. तिथे मराठी मंडळींची बरीच वस्ती आहे.

काकांचं वय पंचाहत्तरच्या पुढे. आयुष्य साखर कारखान्यात गेलं, मिलमध्ये. मी म्हणालो आमच्याकडेही ऊस असतो, तर ते उठून सरळ परसात घेऊन गेले आणि एक कांडं मोडून हातात दिलं. चव आमच्यापेक्षा पाणचट होती, पण मी लय गोड म्हणालो. त्यांच्या मराठीत 'आय', 'बा', 'भाकर' असे शब्द होते आणि मधले दुवे क्रिओलचे. बोलताना ते बायकोला 'पोरी' म्हणत होते. तिला तिच्या आजोळची आठवण आली असावी, कारण ती एकदम गप्प झाली.

मग त्यांनी भिंतीवरची तसबीर काढून आणली. पासावरच्या फोटोची मोठी केलेली प्रत. माणूस तिशी-पस्तिशीचा, गालफडं बसलेली, मिशा, खांद्यावर घोंगडीसारखं काहीतरी आणि नजर थेट लेन्समध्ये. मी आजवर काढलेल्या एकाही फोटोत कुणी असं बघितलेलं नाही. तसबिरीच्या मागे नोंदवहीतल्या ओळीची नक्कल चिकटवलेली होती. नंबर, नाव, बापाचं नाव, वय, उंची, जात, जिल्हा, गाव. जिल्हा सातारा. गावाच्या रकान्यात रोमन लिपीत एकच शब्द, जो वाचला तर होतो 'वारी'.

काका म्हणाले, हे गाव कुठे आहे? त्यांच्या बापाने त्यांना सांगितलं होतं की गावाचं नाव वारी. ते स्वतः दोनदा भारतात आले होते, एकदा पंढरपूरलाही जाऊन आले, कारण कुणीतरी सांगितलं वारी म्हणजे पंढरपूर. पण तिथे गाव नव्हतं.

मला कळलं ते असं. जुन्या इंग्रजी कागदांत आपला 'ड' बऱ्याचदा 'र' होतो. सावंतवाडी जुन्या नकाशांत 'सावंत वारी' अशी लिहिलेली सापडते. मुंबई बंदरात किंवा पोर्ट लुईच्या डेपोत कारकुनाने विचारलं असणार, गाव? या माणसाने सांगितलं असणार अमुकवाडी. किंवा नुसतंच 'वाडी', कारण आपली वाडी एकच असते ना. मीही पहिलीत गाव विचारलं की 'वाडी'च सांगायचो. कारकुनाने ऐकलं तेवढं लिहिलं आणि पुढचा माणूस बोलावला.

मी काकांना हे सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हणजे वाडी. कुटली?"

साताऱ्यात, म्हणजे तेव्हाच्या साताऱ्यात, वाड्या किती असतील? मी म्हणालो, "शोधतो, काका. कॉम्प्युटरवर शोधतो." आमच्या धंद्यातलं हे सर्वांत स्वस्त वाक्य. निघताना त्यांचा फोटो काढू का विचारलं. ते आत जाऊन कोट घालून आले, तसबीर छातीशी धरून खुर्चीत बसले आणि लेन्समध्ये थेट बघितलं. भिंत पांढरी, कोट काळा, कॅमेऱ्याला नेहमीप्रमाणे काही कळेना. हाताने उजेड जुळवून मी एकच फोटो काढला. तो मी कुठेही टाकलेला नाही.

रस्त्यावर आल्यावर पुन्हा ते धोंड्यांचे ढीग दिसले. टॅक्सीवाल्याने सांगितलं की फडातले दगड वेचून वेचून आमच्याच लोकांनी रचले, आणि त्यांच्या आधी गुलामांनी. प्लेन मान्यँजवळच्या काही ढिगांना लोक आता पिरॅमिड म्हणतात आणि ते प्राचीन आहेत अशा गोष्टी इंटरनेटवर फिरतात. कुठल्या तरी हरवलेल्या संस्कृतीने ते सूर्याकडे बघून बांधले, वगैरे. माणसांना काय, ऊसतोड्याने दगड उचलला हे सोडून बाकी काहीही खरं वाटतं.

जानेवारीत काटेवाडीला गेलो तेव्हा गाळप हंगाम चालू होता आणि आमच्या फडात टोळी होती. बीडकडची बारा कोयते, म्हणजे चोवीस माणसं. आपल्याकडे कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मॉरिशसला हंगाम जून ते डिसेंबर, आपल्याकडे दिवाळीनंतर. एवढा एक फरक आहे. आमच्या भागात ऊस आला तो १८८०च्या दशकात नीरा डावा कालवा आल्यावर. १८७६-७७च्या दुष्काळाने इकडची माणसं देशोधडीला लागली होती, त्यानंतर सरकारने भाटघरचं धरण आणि हा कालवा काढला. १९३०च्या दशकात वालचंद हिराचंदांनी इंदापूर तालुक्यात कारखाना उभा केला, मग सहकारी कारखाने आले. या उसावर आमचं घर शिकलं. माझी इंजिनिअरिंगची फी उसाच्या बिलातून गेलीय. हे सगळं मी अभिमानाने सांगत आलोय आणि यापुढेही सांगेन.

मुकादम ओट्यावर आप्पांशेजारी बसून वहीत मांडत होता. मी सहज वही बघितली. डाव्या बाजूला नावं, पुढे गाव, पुढे उचल, आणि शेवटच्या रकान्यात 'खाडा'. मी विचारलं, "खाड्याचे किती कापता?" त्याने सांगितलं. मी मनात हिशोब केला. जोडीच्या दिवसाच्या कमाईपेक्षा ती रक्कम जास्त होती. मुकादम म्हणाला, "कापलं नाय तर कुणीच येत नाय बगा, दादा." आप्पा काही बोलले नाहीत. मीही नाही. वहीत गावाच्या रकान्यात तीन ठिकाणी नुसतं 'तांडा' लिहिलं होतं. मी म्हणालो, "कुठला तांडा ते तरी लिहा." मुकादम हसला, "मला म्हायतीये की."

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला मी याच फडात पहाटे एक फोटो काढला होता. धुकं, उसाची मोळी डोक्यावर घेतलेली बाई आणि मागे तिरपं ऊन. कॉलेजच्या फोटो स्पर्धेत त्याला पहिलं बक्षीस मिळालं, अजून आमच्या हॉलमध्ये लावलेला आहे. त्या बाईचं नाव मला माहीत नाही. गावही नाही.

यावेळी मी कॅमेरा घेऊन फडात गेलो, पण आधी विचारायचं ठरवून. एक मावशी वाढे बांधत होती. म्हटलं, "मावशी, फोटो काढू का तुमचा?" तिने पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "कशाला? आधारला दिलाय की."

मी कॅमेरा बॅगेत ठेवला. तिचं नाव आणि गाव विचारलं. ते तिने सांगितलं, तांड्याच्या नावासकट आणि तालुक्यासकट. मी घरी येऊन मुकादमाच्या वहीत तेवढी एक ओळ पूर्ण केली. त्याला ते आवडलं नाही.

पुण्याला परतल्यावर त्या शनिवारी काकांच्या कामाला बसलो. जनगणनेच्या गावांच्या यादीतून सातारा जिल्ह्यातली 'वाडी'ने संपणारी नावं वेगळी काढणारा छोटा प्रोग्रॅम लिहिला, दहा ओळींचा. दोनशेच्या पुढे यादी गेली, आणि ही फक्त महसुली गावं. ज्यांना नोंदवहीत जागा नाही अशा वाड्या वेगळ्याच, आणि १८५०च्या दशकातला सातारा जिल्हा आजच्यासारखा नव्हता ते आणखी वेगळं. आता बापाच्या नावावरून आणि जातीवरून काही निघतं का ते बघतोय. पुढच्या शनिवारी साताऱ्याला जाणार आहे, एका मित्राचे चुलते तिथे जुने मोडी कागद वाचतात.

टॅक्सीवाल्याचा परवा मेसेज आला. काकांनी विचारलंय, वाडी सापडली का. मी यादी पाठवली आहे, दोनशे चौदा नावांची. म्हटलं त्यांना वाचून दाखव एकेक, एखादं नाव ऐकल्यासारखं वाटतंय का विचार. तो म्हणाला, रोज रात्री जेवण झाल्यावर दहा-दहा वाचतोय.